घंटा झाली का?

धर्मशिक्षकांच्या मागच्या बैठकीत एक सूचना आली. दृढीकरणाच्या वर्गाला येणाऱ्या मुलांनी कानांतले इअरबड्स दारातल्या टोपलीत काढून ठेवावेत आणि घरी जाताना घेऊन जावेत. सूचना करणाऱ्यांचा राग समजण्यासारखा होता. वर्ग सुरू होऊन दहा मिनिटं झाली तरी मागच्या बाकावरच्या एका मुलाच्या कानांत ती पांढरी बोंडं तशीच होती, आणि प्रश्न विचारल्यावर त्याने ‘हां?’ करून मान वर केली होती. बैठकीत बहुतेकांनी टोपलीच्या बाजूने माना डोलावल्या. आम्हाला विचारलं तेव्हा आम्ही गप्प बसलो. आम्ही नवराबायको मिळून हा वर्ग घेतो, तेव्हा या लिखाणात ‘आम्ही’ म्हणजे खरोखरच आम्ही दोघं. गप्प बसलो, कारण तसली एक जोडी आमच्याही घरात आहे. तिच्या साहाय्याने आम्ही जे केलं ते दहा जणांसमोर बोलायचं धाडस झालं नाही. म्हणून इथे लिहितो आहोत.

जोडी पुतण्याने दुबईहून आणली, नाताळच्या सुट्टीत. ‘काका, काकू, एकदा घालून तर बघा,’ म्हणत त्याने ती आमच्या कानांत बसवली आणि मोबाइलवर बोटाने एक पट्टी पुढे सरकवली. डोक्यावरचा पंखा फिरताना दिसत होता, पण त्याचा आवाज नाही. फ्रिजची घरघर नाही. रस्त्यावरून बस गेली ती नुसती दिसली. खरं सांगायचं तर त्या क्षणी आमच्या तोंडून ‘देवा’ असंच निघालं.

पुतण्याने मग ते काम कसं चालतं तेही समजावलं. बोंडाच्या बाहेरच्या अंगाला सूक्ष्म माइक असतो. तो बाहेरचा आवाज टिपतो, आणि आतली चिप त्या आवाजाच्या लाटेच्या बरोबर उलटी लाट तयार करते. एकीचा जिथे चढ तिथे दुसरीचा उतार. कानात दोघी एकत्र आल्या की एकमेकींना संपवतात. कल्पना नवी नाही. पॉल लुएग नावाच्या जर्मन माणसाला अशा युक्तीचं अमेरिकन पेटंट 1936 सालीच मिळालं होतं. पुढे 1978 मध्ये अमर बोस, बंगालहून अमेरिकेत गेलेल्या वडिलांचे चिरंजीव, युरोपातून विमानाने परतत असताना इंजिनाच्या घरघरीला वैतागले आणि तिथेच कागदावर आकडेमोड करू लागले. वैमानिकांसाठीचा त्यांच्या कंपनीचा हेडसेट 1989 मध्ये बाजारात आला. आज तीच युक्ती शेंगदाण्याएवढ्या वस्तूत बसली आहे, आणि ती किती चालवायची हे आपल्या बोटावर आहे. पूर्ण बंद, थोडं बंद, किंवा उलट बाहेरचा आवाज मुद्दाम आत सोडायचा, ज्याला ट्रान्सपरन्सी म्हणतात.

या वस्तूला आम्ही सैतानाचं खेळणं म्हणणार नाही. आपल्या धर्मग्रामात रात्रपाळी करून सकाळी आठला घरी येणाऱ्या नर्स कितीतरी आहेत. त्या झोपायला जातात तेव्हा शेजारी मिक्सर सुरू होतो. बेळगावहून चोर्ला घाटातून पणजीला बसने जाणाऱ्यांनी इंजिनाच्या बाजूची सीट मिळाल्यावर काय करावं? ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली झाले. त्यांत राहत्या वस्तीसाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा लिहिली आहे. ती कुठल्या रस्त्यावर पाळली जाते हे आपण जाणतोच, आणि वरातीच्या डॉल्बीला नावं ठेवताना आपल्या फेस्ताचे फटाकेही आठवावेत. शिवाय बाहेरचा गोंगाट कमी झाला की माणूस गाणं हळू आवाजात ऐकतो, हा कानांचा फायदाच. जागतिक आरोग्य संघटना सांगते की 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत ठीक आहे. आपली मुलं गोंगाटावर मात करायला आवाज त्याच्या कितीतरी वर नेतात.

तर वस्तू चांगली. आता घरातलं.

आमच्यासोबत आई राहते. आमच्यापैकी एकाची आई, दुसऱ्याची सासू, पण हाक दोघंही ‘आई’ अशीच मारतो. वय 79. गेल्या दोन-तीन वर्षांत तिचं ऐकणं कमी झालं आहे. देवळाची घंटा आमच्या घरापर्यंत येते, पण पूर्वीसारखी तिच्यापर्यंत येत नाही. आंजेलस चुकवायचा नाही हा तिचा आयुष्यभराचा नेम. म्हणून संध्याकाळी सहा वाजल्यापासून ती आतल्या खोलीतून विचारायला लागायची, ‘घंटा झाली का?’ नाही आई, अजून वेळ आहे. पाच मिनिटांनी पुन्हा, ‘घंटा झाली का?’ सात वाजेपर्यंत दहा-बारा वेळा तरी. घंटा झाली, प्रार्थना झाली, तरी कधीकधी साडेसातला पुन्हा एकदा.

वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. पहिली तीन उत्तरं प्रेमाने जातात. चौथ्या उत्तराला आवाज चढतो. आणि चढलेल्या आवाजाची लाज वाटून माणूस दुसऱ्या खोलीत जाऊन बसतो. आमच्या हातात तेव्हा ती जोडी आली होती. संध्याकाळी रविवारच्या वर्गाची तयारी करायची असायची. लॅपटॉप उघडायचा, बोंडं कानांत, पट्टी पूर्ण पुढे, वर हळू आवाजात एखादं भक्तिगीत. दोघंही आळीपाळीने हेच करत होतो. त्यामुळे पुढच्या प्रसंगात कानांत बोंडं कोणाच्या होती हे सांगण्यात अर्थ नाही.

प्रायश्चित्तकाळातला शुक्रवार होता. आमच्यातलं एक जण क्रुसाच्या वाटेच्या भक्तीला गेलं होतं. दुसरं घरी मुलांसाठी प्रश्न काढत बसलं होतं. पावणेसातच्या सुमाराला लाईट गेली. पुढच्या खोलीत खिडकीचा उजेड होता, लॅपटॉप बॅटरीवर चालत होता, आणि पंख्याचा आवाज कानांतून आधीच गेलेला असल्याने पंखा थांबल्याचं कळलंच नाही. घाम आला तेव्हा वर पाहिलं. आतल्या खोलीत तोवर काळोख झाला होता. देवळातून परत आलेल्या माणसाने टॉर्च घेऊन आत पाहिलं तर आई पलंगाच्या कडेला बसलेली, हातात जपमाळ. पडली नव्हती, लागलं नव्हतं. म्हणाली, ‘दोन-तीन हाका मारल्या. तू कामात असशील म्हणून मग एकटीनेच म्हटलं.’

त्या रात्री आम्ही यावर फारसं बोललो नाही. काही घडलं नव्हतं ना! पण पुढे इस्टर आला, गेला, आणि एका संध्याकाळी आम्हा दोघांना एकदमच जाणवलं की घरात शांतता आहे. यंत्राची नव्हे, खरी. आई ‘घंटा झाली का’ असं विचारत नव्हती. किती दिवसांपासून, ते आम्हाला आठवेना. आणि लाजेची गोष्ट ही की आधीचे काही दिवस आम्ही मनात म्हणत होतो, आईची तब्येत हल्ली जरा बरी आहे, चिडचिड कमी झाली आहे.

यंत्राला दोष द्यावा तर तोही पुरता लागत नाही. हे कापणं पंखा, इंजिन, एसी अशा सतत चालणाऱ्या खालच्या पट्टीतल्या आवाजांवर उत्तम चालतं. माणसाचं बोलणं, एकदम आलेली हाक, ताटलीचा खणखणाट यांतलं बरंच काही त्यातून निसटून आत येतं. रबरी टोकाचं बूच आणि वर गाणं, यांनी आणखी थोडं अडवलं असेल. तरीही आईच्या हाकेचा काही अंश आमच्या कानांपर्यंत येत होता असंच आम्हाला प्रामाणिकपणे वाटतं. उरलेलं कापायचं काम आम्ही केलं.

आईची आठवण सांगायला हवी. तिची तरुणपणाची वर्षं बेळगावात रेल्वे रुळाला लागून असलेल्या एका घरात गेली. तेव्हा मीटरगेज होती. रात्री मालगाडी गेली की मांडणीतली भांडी वाजायची. पाहुणे दचकून उठून बसायचे. आईला जाग येत नसे. पण शेजारच्या खोलीत पोराने झोपेत नुसतं खोकलं तर ती पाणी घेऊन उभी असायची. सगळ्याच आयांचं असं असतं. आवाज किती मोठा आहे त्यावर त्यांची जाग ठरत नाही, आवाज कोणाचा आहे त्यावर ठरते. आयांच्या कानांतही असं कापणं असतं म्हणा ना, फक्त त्यातून पोराचा आवाज कधी कापला जात नाही.

मार्कच्या शुभवर्तमानात चौथ्या अध्यायाच्या शेवटी गालील समुद्रावरच्या वादळाची हकीकत आहे. आम्ही ती मुलांना नेहमी एकाच अंगाने शिकवत आलो: येशूने वारा थांबवला, येशू सामर्थ्यवान आहे. या वर्षी ती पुन्हा वाचताना नजर दुसरीकडेच अडकली. मचव्यावर लाटा आदळताहेत, आत पाणी भरत आलं आहे, आणि प्रभू मागच्या बाजूला उशी घेऊन झोपला आहे. वाऱ्याने तो उठत नाही. लाटांनी उठत नाही. भिजलेल्या, घाबरलेल्या, थोडं रागावलेल्यासुद्धा मित्रांनी हाक मारली तेव्हा उठतो. शिष्यांच्या हाकेत आदर कमीच होता, तक्रार जास्त होती. तरी उठला.

यरीहोच्या वाटेवरच्या बार्तीमयाचंही तसंच. गर्दीतल्या भल्या लोकांनी त्या आंधळ्याला दटावून गप्प करायचा प्रयत्न केला. त्या लोकांना आपण वाईट समजतो, पण ती देवभक्त माणसं होती. त्यांना गुरूचं बोलणं नीट ऐकायचं होतं, आणि हा रस्त्याच्या कडेला बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा ओरडत होता. एकच वाक्य, पुन्हा पुन्हा. आम्ही इथे थोडा वेळ थांबलो. आम्हीही प्रश्नपत्रिका शुभवर्तमानावरचीच काढत होतो.

मग मुलांनी काय करावं? आता बैठकीतल्या टोपलीबद्दल आमचं मत. पुढच्या बैठकीत आम्ही टोपलीच्या विरोधात बोलणार आहोत.

एक कारण आपल्या लहान मुलांच्या वर्गात आहे. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्याच्या तयारीला एक स्वमग्न मुलगा येतो. कानांवर मोठे निळे हेडफोन लावून बसतो. सुरुवातीला त्याच्यावरून कुजबुज झाली, आणि ती करणाऱ्यांत आम्हीही होतो. ‘देवळात तरी काढायला सांगा,’ असं आम्ही त्याच्या आईला बोललोही. तिने न रागावता सांगितलं की लाउडस्पीकर आणि ढोलकी त्याला कानात सुई टोचल्यासारखी लागते. पूर्वी प्रवेशगीतालाच त्याला उचलून बाहेर न्यावं लागायचं. हेडफोन आल्यापासून तो संपूर्ण मिस्साला बसतो. सिस्टर वाकून त्याच्याशी बोलायला लागल्या की तो स्वतःहून एका बाजूचा कप वर उचलतो. टोपली दारात ठेवली तर या मुलाला आपण दारातूनच परत पाठवू.

दुसरं कारण तो मागच्या बाकावरचा मुलगा. वर्गानंतर आम्ही त्याला थांबवलं. गाणं कुठलं ऐकत होतास, असं जरा ठसक्यातच विचारलं. त्याने मोबाइल पुढे केला. काहीच वाजत नव्हतं. नुसतं आवाज कापणं चालू होतं. ‘सवय झाली,’ म्हणाला, ‘घरी फार आवाज असतो.’ कसला आवाज, हे आम्ही विचारलं नाही, आणि आता वाटतं की तेव्हाच विचारायला हवं होतं. टोपलीत बोंडं पडली असती तर वर्ग शिस्तीत झाला असता आणि आम्हाला हे एवढंसुद्धा कळलं नसतं.

तेव्हा बंदी नको. पण मोकळीकही नको. बोंडं कानांत घालताना मुलांनी, आणि त्यांच्याआधी आपण, आत्ता कोणता आवाज नको आहे हे मनातल्या मनात तरी नाव घेऊन म्हणावं. पंखा. बस. डॉल्बी. आणि त्या जागी आजी, बाबा, धाकटा भाऊ असं नाव आलं तर पट्टी मागे घ्यावी, निदान ट्रान्सपरन्सीवर ठेवावी. आमच्या घरी संध्याकाळी सहा ते आठ ती त्याच्या पुढे जात नाही. बेळगावात हे आणखी एका बाबतीत लागू होतं असं आम्हाला वाटतं, पण ते जपूनच लिहितो. आपल्या देवळांत इंग्रजी, कोकणी, मराठी, कन्नड अशा मिस्सा होतात, आणि दुसऱ्या भाषेची मिस्सा लांबली की पुढच्या मिस्सेला आलेले लोक दारात उभं राहून घड्याळ बघतात. आत चाललेली प्रार्थना तेव्हा त्यांच्या कानांना नुसता आवाज असते. तिथे तर कोणाच्याच कानांत यंत्र नसतं.

आईला आम्ही मे महिन्यात कान तपासायला नेलं. तपासणाऱ्या बाईंनी आलेख दाखवला. रेघ डावीकडे बरी होती, उजवीकडे उतरत गेली होती. वयाने येणाऱ्या बहिरेपणात वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात, स, त, फ अशी व्यंजनं विरघळतात. म्हणून बोलणं ऐकू येतं पण शब्द लागत नाहीत. म्हणजे आमचं यंत्र खालचे आवाज काढून घेत होतं आणि आईचं वय वरचे. एकाच घरात आमच्यामध्ये ऐकू येण्यासारखं उरलं होतं तरी काय! बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. ओरडून बोलू नका, समोर बसून, तोंडावर उजेड पडेल असं, सावकाश बोला. दुसऱ्या खोलीतून उत्तर देऊ नका. वाचकांपैकी ज्यांना उपयोगी पडेल त्यांनी एवढं जरूर करून पाहावं, मशीन नंतर घेतलं तरी चालेल.

मशीन आम्ही घेतलं. गंमत अशी की ते डबीत ठेवलं की आमच्या बोंडांसारखंच दिसतं आणि एकदा अदलाबदलही झाली. दोन्ही वस्तू आता जवळ येत चालल्या आहेत. ॲपलच्या एअरपॉड्स प्रोमधल्या श्रवणयंत्राच्या सोयीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर 2024 मध्ये मान्यता दिली, सौम्य ते मध्यम बहिरेपण असलेल्या प्रौढांसाठी. तीच बोंडं, एकाला आवाज घालवायला, दुसऱ्याला आणायला. आईला मात्र मशीन आवडत नाही. मिस्साला लाउडस्पीकर किंचाळला की ती ते काढून रुमालात गुंडाळते.

मार्कच्याच सातव्या अध्यायात बहिऱ्या माणसाला येशू आधी गर्दीपासून बाजूला घेऊन जातो. तोतरं बोलणारा, बहिरा. त्याच्या कानांत बोटं घालतो, आणि ‘इफ्फाथा’, मोकळा हो, म्हणतो. बाप्तिस्म्याच्या विधीत धर्मगुरू बाळाच्या कानांना आणि ओठांना हात लावून त्याच अर्थाची प्रार्थना करतात. आमच्या कानांनाही केली असेल, आईच्या कडेवर असताना. आधी गोंगाटातून बाजूला नेणं आहे, हे खरं. पण त्या माणसाला तिथे निवांत बसवून ठेवण्यासाठी नेलेलं नव्हतं. लगेच कान उघडले.

आईने तो प्रश्न पुन्हा विचारायला सुरुवात केलेली नाही. आम्ही वाट पाहिली, एकदोनदा मुद्दाम विषय काढला, ती हसली. मग आम्हीच ठरवलं. आता सात वाजता जो घरी असेल तो तिच्या खोलीत जातो, समोर स्टुलावर बसतो, दिवा लावलेला असतो, आणि सावकाश सांगतो, ‘आई, घंटा झाली.’

‘ऐकली मी,’ ती म्हणते, आणि जपमाळ शोधायला लागते. मशीन तेव्हा बहुतेक वेळा उशीखाली असतं.